डिझेल कुठे अडलं? ऐन लावणीत सुरू न झालेल्या ट्रॅक्टरचं प्रकरण

हे प्रकरण कुडाळ तालुक्यातल्या एका गावातलं आहे. माणसांची नावं, गावाचं नाव आणि ट्रॅक्टरची कंपनी मुद्दाम दिलेली नाही. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. मला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशीची हकिगत मालक, त्यांचा पुतण्या आणि गावचा मिस्त्री या तिघांशी बोलून जुळवली आहे. बिघाड तसा अवघड नव्हता. पण तो शोधताना जे निर्णय घेतले गेले, ते दर पावसाळ्यात कोकणातल्या कितीतरी खळ्यांत घेतले जातात आणि त्यांतले काही इंजिनाला कायमचे नडतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीच्या गटातला, डायरेक्ट इंजेक्शनचा, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारा. वय पंचवीसच्या पुढे. घाटावरून जुना विकत आणलेला. आपल्याकडे शेतं लहान, बांध उंच, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पॉवर टिलरच चालतो. पण या मालकांचा मळा नदीकाठी सलग आहे आणि शेजारच्यांचंही काम ते भाड्याने करून देतात, म्हणून ट्रॅक्टर परवडतो. देखभाल वाईट नव्हती. इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं, एअर क्लीनर धुतलेला.

जानेवारीत वायंगणाची (उन्हाळी भाताची) चिखलणी उरकल्यावर ट्रॅक्टर मांगरात, म्हणजे शेतावरच्या छपरीत, उभा केला तो थेट जूनच्या शेवटापर्यंत. टाकी तेव्हा अर्धी भरलेली होती. अर्ध्या टाकीत डिझेलच्या वर हवा असते आणि समुद्रापासून इतक्या जवळ ती हवा कायम दमट असते. दिवसा टाकी तापते, हवा फुगून झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर जाते. रात्री टाकी गार होते, बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातली वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब होऊन बसते. एका रात्रीचं पाणी मोजण्यासारखं नसतं, पण पाच महिन्यांचं असतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जातं. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. तिचा तपकिरी, बुळबुळीत साका तयार होतो.

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला. मांगराचं छप्पर एका बाजूने गळत होतं. पाणी टाकीत जाऊ नये म्हणून पुतण्याने टाकीच्या झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी घालून ती सायकलच्या ट्यूबच्या रबराने गच्च बांधली. सायलेन्सरच्या उभ्या नळीवर करवंटी उपडी घातली. दोन्ही कामं काळजीपोटीच केलेली होती. यातली पिशवी पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

पुढचं समजायला डिझेलचा रस्ता माहीत हवा. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. तिच्या तळाच्या तोंडाशी बारीक जाळी, मग कॉक, मग गाळ बसण्यासाठी काचेची वाटी, तिथून फीड पंप. फीड पंप डिझेल पुढे ढकलतो ते आधी पहिल्या फिल्टरमध्ये, मग कागदी फिल्टरमध्ये, मग मुख्य पंपात. मुख्य पंप ते दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने तीन नळ्यांतून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तीन नोझलांना देतो. फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, पलीकडची दाबाची. ओढीच्या बाजूला सांधा ढिला असेल तर तिथून डिझेल गळेलच असं नाही. पुढे ओढ असेल आणि मागून डिझेल कमी येत असेल, तर तिथून हवा आत शिरते. नळ्यांत हवा असली की ती दबते आणि नोझलपर्यंत दाब पोचत नाही, म्हणून ती काढावी लागते.

अडचण

तरवा, म्हणजे भाताची रोपं, बावीस-तेवीस दिवसांचा झालेला. पाऊस चांगला लागलेला, मळ्यात पाणी उभं. लावणीला पाच-सहा बायका ठरवलेल्या, त्यांचं दुसऱ्या दिवसापासूनचं काम पक्कं. तरवा महिन्याच्या पुढे गेला की फुटवे कमी धरतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी पुतण्याने ट्रॅक्टर बाहेर काढायला सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ते थोडक्यात असं. पुतण्या सेल्फ मारत राहिला, लांब लांब, मध्ये फारसं न थांबता. दुपारपर्यंत बॅटरी उतरली. शेजारच्यांच्या जीपची बॅटरी आणली, तीही अर्धी संपली. सेल्फ हाताला चटका बसेल इतका तापला. मग मिस्त्री आला. त्याने स्टॉपची दांडी पाहिली. ती पूर्ण मागे येत होती. ही तपासणी अगदी योग्य होती. इंजिन बंद करायची दांडी किंवा तिची वायर अडकून राहिली की पंप डिझेल सोडतच नाही आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. मिस्त्रीने फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपावरचा हातपंप मारला. फेस आला, थोडं डिझेल आलं, त्याने स्क्रू आवळला. इंजिन तरीही धरेना.

तेवढ्यात कुणीतरी पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायला सांगितलं. धरला. इंजिनाने चार-पाच ठोके दिले, लोखंडावर हातोडा मारल्यासारखे, आणि बंद पडलं. संध्याकाळी ट्रॅक्टर ढकलून खळ्यात आणला होता, तो रात्रभर तिथेच पावसात उभा राहिला. या ढकलाढकलीत सायलेन्सरवरची करवंटी पडली.

रात्री मिस्त्री मालकांना म्हणाला, "काकानू, पंप खोलूचो लागतलो." पंप खोलायचा म्हणजे कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवायचा. तिथे टेस्ट बेंचवर लावून प्लंजर (डिझेलला दाब देणारे पंपातले दट्टे) बघायचे, गरज पडली तर बदलायचे, कॅलिब्रेशन करायचं. जाणं-येणं धरून किमान तीन-चार दिवस, घाटात दरड आली तर त्याहून जास्त. आणि खर्च हजारांत.

समोर कोणते मार्ग होते

मी गेलो तेव्हा खळ्यात सात-आठ माणसं होती आणि जवळपास प्रत्येकाचं वेगळं मत होतं. मार्ग मुख्यतः चार होते.

पहिला, पंप उतरवून कोल्हापूरला पाठवणं. मिस्त्रीचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पंपात पाणी गेलं तर प्लंजर गंजून जागच्या जागी अडकतात, आणि असे पंप त्याने हाताळलेले होते. पण पंपापर्यंत डिझेल पोचतंय का, हे अजून कुणी पाहिलं नव्हतं. ज्याला खायलाच मिळत नाही त्याचं पोट कशाला फाडायचं?

दुसरा, पिकअपला दोर बांधून ओढून सुरू करणं. वाट उताराची, जांभ्याची, शेवाळ धरलेली, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक मालकांच्याच म्हणण्याप्रमाणे "एका बाजूचे बरे". शिवाय ओढण्याने इंजिन फक्त फिरतं. ते तर सेल्फवरही फिरत होतं. जे काम आधीच होत होतं त्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालण्यात अर्थ नव्हता. त्याहून मोठं कारण होतं पडलेली करवंटी. रात्रभराच्या पावसाचं पाणी सायलेन्सरमधून उघड्या व्हॉल्ववाटे एखाद्या सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर ओढताना पिस्टन त्या पाण्यावर आपटेल. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरा, पुन्हा पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे. डिझेल इंजिनात डिझेल नेमक्या क्षणी फवारलं जातं आणि पेटतं. हवेबरोबर आत गेलेलं पेट्रोल किंवा ईथर तो क्षण पाळत नाही. पिस्टन वर येत असतानाच ते पेटू शकतं. आदल्या दिवशी ऐकू आलेले ठोके तेच होते. यात रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. शिवाय उघड्यावर पेट्रोलचा बोळा आणि शेजारी ठिणगी उडवणारी बॅटरीची क्लिप. कोणीही हे करू नये, असं मी माझ्या मुलांना दर वर्षी बजावतो.

चौथा, डिझेलचा रस्ता टाकीपासून नोझलपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासणं. यात फार तर अर्धा दिवस जाणार होता आणि पाने सोडून काही लागणार नव्हतं.

मालक शांत होते, पण त्यांचा चेहरा बोलत होता. "सरांनू, तरवो जून होत चाललो," एवढंच म्हणाले. माणसं महागडा मार्ग धरतात ती अज्ञानापोटीच धरतात असं नाही. काम अडलेलं असताना मोठा उपाय केला की काहीतरी नक्की घडेल असं वाटतं, आणि छोट्या तपासण्या वेळकाढूपणाच्या वाटतात.

पहिला निर्णय: धूर पाहायचा

मी पुतण्याला पहिला प्रश्न विचारला तो धुराचा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?

"नाय ओ सर. काळो नाय, पांढरो नाय. कायच नाय."

हे उत्तर अर्धं काम करून गेलं. डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल आणि पेटत नसेल, तर न जळलेल्या डिझेलची वाफ पांढरट धूर होऊन बाहेर येते. मग शोध कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), नोझल या दिशेने न्यायचा. धूरच नसेल तर डिझेल आत जातच नाही. इंजिन नीट वेगाने फिरतंय आणि धूर नाही, म्हणजे दोष इंजिनात शोधायचाच नाही, त्याच्या आधीच्या रस्त्यात शोधायचा. पेट्रोलच्या बोळ्यावर इंजिनाने ठोके दिले यावरूनही कॉम्प्रेशन आहे हेच कळत होतं, पण ती माहिती इंजिनाला मार देऊन मिळवलेली होती. सायलेन्सरकडे नुसतं पाहून तीच फुकट मिळाली असती.

थंडीचा प्रश्नही इथेच निकाली निघाला. थंड प्रदेशात हीटर बिघडला म्हणून डिझेल इंजिन अडतं. आपल्याकडे जूनच्या रात्रीही पारा पंचविशीच्या आसपास असतो. निरोगी डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला एवढ्या हवेत हीटर लागत नाही.

दुसरा निर्णय: सेल्फ मारण्याआधी हाताने फिरवायचं

खळ्यातली दोन माणसं बॅटरी जोडून "एकदा मारून बघू" म्हणत होती. करवंटी पाहिल्यावर मी ते थांबवलं. स्टॉपची दांडी ओढून, क्रँकच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून पुतण्याने इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा कॉम्प्रेशनवर येतो. कॉम्प्रेशनला पाना अडतो, पण तिथेच थोडा वेळ जोर धरून ठेवला की हवा हळूहळू निसटते आणि पाना पुढे सरकतो. पाणी असेल तर तो दगडासारखा अडतो आणि सरकत नाही. इथे तिन्ही वेळा सरकला. सायलेन्सरच्या खालच्या बाजूच्या भोकातून थोडं गढूळ पाणी तेवढं आलं.

या तपासणीला दहा मिनिटंही लागली नाहीत. तरी ती खळ्यात सगळ्यांना फालतू वाटली होती, हे नोंदवतो.

मग चार्ज केलेली बॅटरी लावून व्होल्टेज पाहिलं. उभ्याने १२.६, सेल्फ मारताना १० च्या वर. फिरण्याचा वेगही पुरेसा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचं, असं ठरवून दिलं.

तिसरा निर्णय: उलट दिशेने जायचं

नोझलपासून सुरुवात केली. एका नोझलच्या नळीचा नट एक फेरा सैल केला आणि सेल्फ मारला. तिथे प्रत्येक ठोक्याला डिझेल उसळायला हवं. दोन-तीन बुडबुडे आले, बस. (या सैल सांध्याजवळ हात किंवा तोंड नेऊ नये. या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि ती जखम दिसते छोटी पण बोट कापायची वेळ आणते. दूर पुठ्ठा धरून पाहावं.)

मागे आलो. मुख्य पंपाच्या तोंडाशी फेस. फिल्टरवर फेस. मिस्त्रीने आदल्या दिवशी इथेच थांबून स्क्रू आवळला होता. फेस येणं बंद होऊन डिझेलची सलग, बुडबुड्याविना धार येईपर्यंत हातपंप मारायचा असतो, आणि धार येतच नसेल तर त्याचं कारण आणखी मागे असतं. आम्ही मागे गेलो. कॉकनंतरची नळी काढून खाली स्वच्छ डबा धरला आणि कॉक उघडला. अर्धी टाकी भरलेली असताना इथून करंगळीएवढी धार पडायला हवी. सुतासारखी धार आली, दोन क्षण टिकली आणि थेंबांवर आली.

काचेची वाटी उघडली. तळाला पाणी, त्यावर तपकिरी शेंबडासारखा थर.

मालक वाकून बघत म्हणाले, "टाकयेत पाणी खयसून इला? झाकाण तर बांधलेला होता." मी त्यांना रात्रीच्या थेंबांचं सांगितलं. पिशवी मे महिन्यात बांधली होती, तोवर चार महिने टाकीचा श्वास चालूच होता.

मिस्त्रीने टाकी उतरवली. सगळं डिझेल पारदर्शक कॅनमध्ये ओतून तासभर स्थिर ठेवलं. तळाला पाण्याचा थर स्पष्ट दिसला, आणि दोन्हीच्या मध्ये तो साका लोंबत होता. टाकीच्या तोंडाची जाळी त्याने जवळजवळ बुजली होती. जाळी काढून ब्रशने धुतली. टाकी डिझेलनेच खळखळून धुतली, पेट्रोलने नाही. आत पुसायला सुती कापड वापरलं, मशीन पुसायचा सुताचा पुंजका नाही, कारण त्याचे धागे सुटून पुन्हा जाळीवरच बसतात. वरचं स्वच्छ डिझेल गाळून ठेवलं, पण टाकीत परत घातलं नाही. ते मालकांनी पुढे अवजारं धुवायला वापरलं.

चौथा निर्णय: फिल्टरसाठी थांबायचं

दोन्ही फिल्टर बदलायला हवेत हे दिसतच होतं. पहिला कुडाळच्या बाजारात मिळाला. कागदी फिल्टर मिळाला नाही. कणकवलीच्या दुकानात होता आणि तो एसटीने संध्याकाळपर्यंत येणार होता. दुपारचे बारा वाजले होते. जुना फिल्टर काढून रिकाम्या डब्यावरच आजचं काम भागवावं, असं दोघा-तिघांनी सुचवलं, आणि पुतण्याही त्या बाजूला झुकला होता.

मी ठाम नको म्हणालो. मुख्य पंपाचा प्लंजर आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा. नुकत्याच धुतलेल्या, गंजलेल्या टाकीतून पहिल्या काही तासांत जे कण सुटतात ते थेट या फटीत गेले, तर कोल्हापूरची वारी टाळण्यासाठी चाललेली सगळी धडपड वाया जाते. मिस्त्री इथे माझ्या बाजूने उभा राहिला, आणि त्याचं म्हणणं मालकांना माझ्यापेक्षा जास्त पटलं. त्या दिवसासाठी शेजारच्यांचा पॉवर टिलर भाड्याने घेतला आणि लावणीच्या बायकांना वरच्या कोपऱ्यांत काम दिलं. सगळ्या गडबडीत हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ट्रॅक्टरवरचं वेळेचं दडपण त्याने उतरवलं, आणि पुढचं काम डोकं शांत ठेवून झालं.

संध्याकाळी फिल्टर बसवले आणि हवा काढली. क्रम टाकीकडून इंजिनाकडे: आधी पहिला फिल्टर, मग कागदी, मग मुख्य पंप, प्रत्येक ठिकाणी सलग धार येईपर्यंत. शेवटी तिन्ही नोझलांचे नट सैल करून सेल्फ मारला आणि डिझेल उसळू लागलं तसे एकेक आवळले. तिसरा आवळायच्या आत सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि इंजिन धरलं. मिस्त्रीने मागे वळून मालकांकडे पाहिलं. ते हात जोडून उभे होते.

पुन्हा बंद

प्रकरण इथे संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून ट्रॅक्टर मळ्यात उतरला. पाऊस जोरात होता म्हणून पुतण्याने झाकणावर पुन्हा पिशवी बांधली. रोटाव्हेटर लावून चिखलणी सुरू झाली. पंधरा-वीस मिनिटांत इंजिनाचा आवाज मऊ पडला, आचके आले आणि ते बंद झालं. फिल्टरच्या स्क्रूतून पुन्हा फेस. हवा काढली, सुरू झालं, थोड्या वेळाने पुन्हा बंद. मग सगळे जेवायला बसले. जेवण उरकून नुसता हातपंप मारला तर सुरू झालं, आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच.

मिस्त्री पुन्हा पंपावर आला, आणि या वेळी त्याच्या बाजूने बोलणारे जास्त होते. मला फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, की उभा ठेवला की काही न करता बरा होतो का? होतो, म्हणाले. पंपातला दोष सहसा नुसतं उभं राहिल्याने बरा होत नाही. जे उभं राहिल्याने बरं होतं ते बहुधा कुठेतरी हळूहळू भरणारं किंवा साचणारं असतं. मी टाकीचं झाकण कसं आहे ते विचारलं, आणि इंजिन बंद पडल्या पडल्या पिशवी सोडून बघायला सांगितलं.

पिशवी झाकणाच्या भोकावर आत ओढून चोपून बसलेली होती. रबर सोडून झाकण फिरवताच फुस्स करून हवा आत गेली. पलीकडून पुतण्याचा आवाज आला, "सर, ऐकलास काय?"

हिशेब सोपा आहे. टाकी काठोकाठ भरली की वर हवेला जागा उरते समजा चार लिटर. चिखलणीत असा ट्रॅक्टर तासाला साधारण चार-पाच लिटर डिझेल पितो, म्हणजे पाव तासात लिटरभर. लिटरभर डिझेल गेलं आणि बाहेरून हवा आली नाही, तर चार लिटरची हवा पाच लिटरच्या जागेत पसरते आणि आतला दाब पाचव्या हिश्शाने उतरतो. ही ओढ डिझेलच्या दोन मीटरहून उंच स्तंभाएवढी आहे. टाकी फीड पंपापेक्षा मीटरभरही उंच नाही. म्हणजे डिझेल आपल्या वजनाने खाली यायचं थांबतं, फीड पंप जोर लावून ओढतो आणि त्या ओढीत कुठल्याही जुन्या सांध्यातून हवा आत येते. टाकी जितकी भरलेली, तितकी हवेची जागा कमी आणि तितकं हे लवकर घडतं. म्हणूनच "टाकी फुल्ल आहे, डिझेल कमी पडणारच नाही" हा सगळ्यांचा भरवसा त्यांना उलट दिशेने नेत होता. आदल्या संध्याकाळी टाकीत जेमतेम चार बोटं डिझेल होतं आणि इंजिन बिनकामाचं चालत होतं, म्हणून तेव्हा दोष दिसला नाही.

इथे एक छोटा निर्णय झाला. फीड पंपाच्या तोंडाशी बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर कडक होऊन चपटे झालेले मिस्त्रीला दिसले. तो ते लगेच बदलणार होता. मी म्हटलं, आज फक्त पिशवी काढा आणि चालवा. वायसर संध्याकाळी. दोन्ही एकदम केलं तर कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा पिशवी बांधेल. पिशवी काढून ट्रॅक्टर अंधार पडेपर्यंत न थांबता चालला. संध्याकाळी नवे वायसर घातले. जुने मिस्त्रीने फेकले नाहीत. चुलीत लाल करून पाण्यात टाकले की तांबं पुन्हा मऊ होतं आणि अडीअडचणीला ते चालतात.

निष्पत्ती

लावणी ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा, पण तरव्याच्या वयात बसून पूर्ण झाली. मुख्य पंपाला पानाही लावावा लागला नाही. सुट्या भागांत सगळ्यात स्वस्त होते वायसर, मग दोन फिल्टर. सगळ्यात मोठा खर्च आला बॅटरीचा. पूर्ण उतरलेली जुनी बॅटरी पुन्हा चार्ज धरेना, नवी घ्यावी लागली. सेल्फचे कार्बन ब्रशही बदलले. मुळात ही दोन्ही दुखणी ट्रॅक्टरला नव्हतीच. पहिल्या सकाळच्या काही तासांत ती तयार झाली. पेट्रोलच्या ठोक्यांनी आत काही दुखावलंय का, हे लगेच दिसत नाही. ऑइलचा खप आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूर यांवर वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सकाळी तिसऱ्यांदा सेल्फ मारण्याआधी सायलेन्सरकडे पाहायला हवं होतं. धूर नाही हे दिसलं असतं तर बॅटरी, सेल्फ आणि पेट्रोलचा बोळा, तिन्ही टळलं असतं. मिस्त्रीने फेस पाहून स्क्रू आवळला ती जागा मला याहून महत्त्वाची वाटते. फेस हे उत्तर नव्हतं, तिथून मागे जाण्याची खूण होती. तो हुशार माणूस आहे आणि हे त्याने स्वतःच माझ्या आधी बोलून दाखवलं.

पहिलं यश मिळाल्यावर मळ्यात उतरण्याआधी खळ्यातच रोटाव्हेटर जोडून अर्धा तास भार देऊन पाहिलं असतं, तर दुसरा बिघाड घराशेजारीच सापडला असता. चिखलात अडकलेल्या ट्रॅक्टरवर काम करणं आणि फरशीवर उभ्या असलेल्यावर करणं, यांत फार फरक पडतो.

उभ्या ठेवण्याच्या पद्धतीबद्दल मालकांशी सविस्तर बोलणं झालं. पावसाआधी किंवा कामं संपल्यावर ट्रॅक्टर लावताना टाकी भरूनच लावायची, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. वाटीतलं पाणी महिन्यातून एकदा काढायचं आणि त्याच वेळी इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं. झाकणावर पिशवीऐवजी सैल उपडा डबा, ज्याच्या कडेने हवा जाईल पण पाऊस येणार नाही. सायलेन्सरवर करवंटी ठीक आहे, पण ती वाऱ्याने उडणार नाही अशी तारेने बांधायची आणि सुरू करण्याआधी काढायची आठवण म्हणून तारेचं टोक स्टिअरिंगला अडकवायचं. ही शेवटची युक्ती पुतण्याची. दोन्ही फिल्टरचा एक जोड मे महिन्यातच घरात आणून ठेवायचा, कारण जूनमध्ये सगळ्यांनाच ते लागतात.

टाकीच्या आतला गंज मात्र तसाच आहे. भात कापून झाल्यावर दिवाळीनंतर टाकी पुन्हा उतरवायची, आणि पत्रा फार खाल्लेला असेल तर दुसरी टाकी शोधायची, असं ठरलं आहे. मिस्त्रीला जुनी वेल्डिंग करून चालेल असं वाटतं. डिझेलची वाफ उरलेल्या टाकीला वेल्डिंग लावणं मला मान्य नाही, आणि ते मी त्याला सांगितलं आहे. तोवर चालू हंगामात दर चार-पाच दिवसांनी वाटी उघडून बघायचं काम पुतण्याकडे आहे. गेल्या वेळी त्याने मला वाटीचा फोटो पाठवला, तेव्हा तळाला थोडा गंज होता, पाणी नव्हतं.